अर्धा शब्द लिहून थांबणारी

आमच्या फोटो स्टुडिओत कुणालाही मेंदी काढता येत नाही. तरीही एका श्रावणात राजाजीनगरच्या आमच्या दुकानातला फोन शटर उघडल्यापासून वाजायचा आणि पलीकडून बाया मेंदीचा भाव विचारायच्या. एक तर थेट दुकानातच आली. बांगड्या वर सरकवल्या, दोन्ही हात काउंटरवर उताणे ठेवले आणि म्हणाली, "कोपरापर्यंत हवी." हा सगळा घोटाळा माझा. तेव्हा मी तरुण होते, बासष्टची. अक्कल यायची होती.

केला कशापायी, तर एका बाईचा हेवा वाटला म्हणून. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेलच. जिच्यात खोड काढायला जागा सापडत नाही, आणि म्हणून जिचा जास्तच राग येतो.

ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आली. नागपूरची. नवरा हेब्बाळच्या कुठल्याशा कंपनीत, आणि ही घरी बसून दुकानदारांना शब्द शोधून द्यायची. हसू नका, हाच तिचा धंदा. हल्ली लग्न ठरलं की लोक आधी फोनवर फोटो बघतात. त्यासाठी ॲपं आहेत. 'हिरवी साडी नवरी' असं लिहिलं की हिरव्या साडीतल्या ढीगभर नवऱ्या समोर उभ्या. त्यात आपला फोटो वर यायला हवा असेल, तर लोक जे लिहितात नेमके तेच शब्द त्याच्याखाली असावे लागतात. त्यांना ती कीवर्ड म्हणायची. आमचा स्टुडिओ आता माझी मुलगी चालवते; तिनं आमचंही काम या बाईला दिलं आणि तिची 'ताई' झाली.

फोन तळहातावर द्रोणासारखा धरायची, एका बोटानं अर्धा शब्द लिहायची आणि थांबायची. दार वाजवून पायरीवर उभं राहावं तशी. मग ॲप आपणहून उरलेलं सुचवायचं, लोक काय काय शोधतात त्याची रांगच लागायची. ती रांग वाचताना तिचे ओठ हलायचे.

माणसांशीही तिचं असंच. दुधाच्या रांगेत, लिफ्टमध्ये, रिक्षात, कुणालाही विचारायची, "तुम्ही शोधाल तर काय लिहाल?" आणि गप्प. समोरच्याला बोलावंच लागायचं. आमच्याकडच्या डोहाळजेवणाच्या फोटोंखाली तिनं असंच कुणाला तरी विचारून 'सीमंत' हा कन्नड शब्द घातला, आणि कन्नड सासवा सुनांना घेऊन यायला लागल्या. मी जन्मापासून या कन्नड गावात. सीमंत मला ठाऊक नव्हतं? होतं की. मला कुणी विचारलंच नाही!

आता माझं दुखणं सांगते. दुकानाच्या काचेत कुठला फोटो लावायचा, हे खातं माझं. नवरा होता तेव्हाही, आणि पुढे मुलीनं कॅमेरा हातात घेतला तेव्हाही. फोटोंना नावंही मीच द्यायची. एका झोपलेल्या बाळाचं नाव ठेवलं होतं 'चिमुकली पहाट'. ती बाई वाचून म्हणाली, "काकू, नाव लय गोड आहे जी. पण कोणती आई बाळाला थोपटता थोपटता 'चिमुकली पहाट' शोधन?"

आणि तिनं लिहिलं, 'सहा महिन्यांचं बाळ, घरी फोटो, साधे कपडे'.

"भाजीच्या पाटीवर लिहितात तसं वाटतंय," मी म्हटलं.

"हो ना काकू! तसंच पाहिजे," ती खूश होऊन म्हणाली. टोमणा मारावा आणि समोरचीनं तो शाबासकी म्हणून खिशात घालावा, याइतका अपमान नाही.

बाळं यायला लागली. दुकानाला दुधाचा वास येऊ लागला. मला तेवढा वासच दिसत होता.

मग आषाढात तिनं लग्नाचे फोटो चढवायला घेतले. मी म्हटलं, "अगं, आषाढात लग्नं असतात का? नागपुरात काही वेगळं पंचांग चालतं?" तर म्हणे, "लग्न नंतर असते काकू, शोधणं आताच सुरू होते. पोरगी पहिले फोटो पाहते, मग साडी, मग कुठं नवरा." माझी मुलगी खो खो हसली. माझ्या विनोदावर ती इतकी कधी हसली होती, ते आठवत बसले. आठवलं नाही.

एके दिवशी मुलीनं दोन फोटो समोर ठेवले. मी चष्मा लावला, बोट पुढे केलं, तेवढ्यात ती म्हणाली, "अम्मा, स्वल्प थांब. तिला विचारू."

स्वल्प थांबले. रात्रीपर्यंत थांबले. काउंटरमागची माझी रोजची खुर्ची आता माझी राहिली नाही असं पक्कं वाटलं, आणि ते सहन होण्याइतकी मी मोठी नव्हते.

श्रावणात ती घरच्या कार्यासाठी नागपूरला गेली. माझ्या खुर्चीसमोरच दुकानाचा कॉम्प्युटर, त्यावर तिचं खातं उघडंच असायचं. मी तिच्यासारखीच बसले. तिच्यासारखंच एक बोट उगारलं. 'मे' लिहिलं आणि थांबले. काय सांगू तुम्हाला, मेंदीचा पूरच आला! सोपी मेंदी, नवरीची मेंदी, हाताच्या मागच्या बाजूची मेंदी. म्हटलं, जग इथे मेंदी शोधतंय आणि ही वेडी साधे कपडे लिहीत बसलीय. नवरीच्या हातावर मेंदी असतेच की. एकूणएक नवरीच्या फोटोखालचे तिचे शब्द पुसले आणि मेंदी घातली.

दुसऱ्या दिवशी बघणाऱ्यांचा आकडा असा चढला की मी शेवयांची खीर केली. मुलगीही बघतच राहिली. मी मनात म्हटलं, आता विचार तिला.

मग ते फोन सुरू झाले.

सगळं जग मेंदी शोधत होतं हे खरं, पण फोटोग्राफर कुणालाच नको होता. त्या गर्दीत एका घरचं लग्न आमच्या हातून गेलं. नवरीकडच्यांनी दिवसभर फोन लावला, लागला नाही, त्यांनी दुसरीकडे ठरवून टाकलं. माझ्या मुलीनं फोटोंखालचे शब्द वाचले आणि तिथूनच नागपूरला फोन लावला. मी आत कॉफी गाळत होते. "असं कसं केलंत तुम्ही? विचारायचं तरी!" माझी मुलगी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

आत येऊन म्हणाली, "ती म्हणते, 'माझंच चुकलं असन.' रात्रीतून सगळे शब्द परत घालते म्हणाली."

मी बोलायला हवं होतं. मी कॉफी प्याले. तुम्हाला वाटेल घशाखाली उतरली नसेल. उतरली, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुरही केली.

ती परत आली ती संत्रा बर्फीचा डबा घेऊन. समोरच्या स्टुलावर बसून पुन्हा अर्धे शब्द लिहू लागली. मी तिच्यावर डोळा ठेवून होते, मेंदीवरून कधी तोंड उघडते ते बघायला. पुढे तिच्या शब्दांवर लग्नं आली, बारशी आली, एक साठीशांतही आली. ती नव्या गिऱ्हाइकांना सांगायची, "काचेतला फोटो काकूंनी लावला आहे." याचाही मला रागच यायचा. कुणाची दया नको होती मला.

दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. ती जिन्याच्या तोंडाशी पाण्याची बाटली आणि तुळशीची कुंडी घेऊन टॅक्सीची वाट बघत उभी होती. मुलगी दुकानात होती. मी खाली गेले आणि एका दमात सांगून टाकलं, की ती मेंदी माझी.

तिनं कुंडी खाली ठेवली. नेहमीसारखी थांबली. मला वाटलं, आता मला आणखी बोलायला लावणार. पण या वेळी तीच बोलली.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, काकू. त्या खुर्चीवर दुसरं बसते कोण? पण मी काहून सांगू? ताई फोटो मला दाखवतात ते शब्दांसाठी. त्याच्या पहिले, फोटो स्क्रीनवर आला रे आला, की त्या तुमच्या तोंडाकडे पाहतात, तुम्हाला आवडला का म्हणून. तुम्ही माझ्यावर डोळे वटारून राहायच्या, म्हणून तुम्हाला कधी दिसलंच नाही. मी समोर बसून रोज तेच पाहून राहिली होती, अन् रोज जळून राहिली होती."