मोगऱ्याच्या कुंडीतली शाडू

कुंडीला तळाशी भोक हवं, माती भुसभुशीत हवी, आणि पाणी घालण्याआधी बोट खुपसून ओल बघायची. एवढंसं तर शास्त्र. पण आमच्या बाबांना ते कोण सांगणार? पेणजवळच्या हमरापुरात गणपती घडवण्यात जन्म गेलेला. मातीतलं काही शिकायचं राहिलंय, असं त्यांना वाटतच नव्हतं.

आई गेली त्या वर्षी भावाने मूर्तींचा कारखाना वाढवला आणि दारातला तिचा मोगरा तोडला. त्याआधी बाबांनी त्याची एक फांदी रुजवून ठेवली होती. ती घेऊन ते रोह्याला, आमच्या कंपनीच्या क्वार्टरवर आले. सोबत पिशवीभर शाडू, मूर्तीसाठी चाळलेली, मऊसूत. घरातली सगळ्यात चांगली माती ती, मग आईच्या झाडाला दुसरी कुठली घालणार?

माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी कुंडीचं भोक शाडूनेच बुजवलं, वर ठासून भरली आणि ओला हात फिरवून गुळगुळीत केली.

"बाबा, पाणी खाली जाणार कसं?"

"मातीचं मला सांगतेस काय गो?"

मी भांडले. मी काय कमी आहे? पण ते रुसून जेवायला उठेनात, तेव्हा म्हटलं, राहू दे तसंच.

पाणी वरच तुंबायचं. पानं पिवळी पडली. पाणी थांबवून कुंडी उन्हात ठेवली, तर शाडू वाळून दगड झाली. उलथन्याने टोकरून पाहिलं, तेही वाकलं. शेजारीण म्हणाली, "नर्सरीतून दुसरा आणा की." दुसरा आणून काय करू, डोंबल? मला तिचा भयंकर राग आला.

बाबा मात्र गावाहून येत तेव्हा दर खेपेला दारातूनच विचारत, "कळी हाय काय?" मी म्हणे, "येईल."

शेवटी एकदा त्यांनीच कुंडी उपडी केली. मुळं काळी पडली होती. त्यांनी शाडू बादलीत भिजवली, दुपारभर मळली, खडे निवडावेत तशी मुळं वेचून वर्तमानपत्रावर काढली आणि माती पिशवीत भरली.

"माती चांगली हाय, फुकट कशाला घालवायची," म्हणाले आणि पेणच्या गाडीला गेले. पुन्हा त्यांनी कळीचं कधी विचारलं नाही.

मुळं तशीच कागदावर पडून होती. आईचं तेवढंच उरलं होतं. त्यांचं काय करायचं ते मला कळेना. दोन दिवस ती ओलांडून वावरले, मग केरात टाकली.