रेलीनचं घर आणि डेसचं गवत

रेलीन ज्या घरात राहायची ते घर कागदोपत्री डेसचं. डेस तिला सोडून गेला त्याला चार वर्षं झाली होती, पण दर शनिवारी सकाळी गवत कापायला हा गडी हजर! बाई सुटली, बाईचं अंगण काही सुटेना. आमच्या गल्लीत याचं कुणाला नवल नव्हतं. त्याच्या मशीनची घरघर कानावर आली की आज शनिवार, एवढं आम्हाला कळायचं.

एकोणीस वर्षं दोघं एकत्र राहिली. लग्न तेवढं करायचं राहून गेलं. घराचे हप्ते डेसच्या पगारातून गेले, तर किराणा, वीज, औषधं असलं सगळं रेलीनच्या मजुरीतून. नदीकाठच्या शेडमध्ये संत्री खोक्यांत भरून भरून तिचे गुडघे कामातून गेले. डेस गेल्यावर घराचं काय, हे तिला विचारायचं होतं. पण घामाघूम होऊन आपलंच गवत कापणाऱ्या माणसाशी वाटणीच्या गोष्टी कशा बोलायच्या? मशीन थांबलं की चहा, फ्रूटकेकची जाडजूड फोड आणि फुटबॉलच्या गप्पा. एकदाच तिने धीर केला.

"डेस, या घराचं..."

"अगं, घराला काय पाय फुटणार आहेत? केक झकास झालाय हं."

झालं. केक संपला, विषयही संपला.

मग डेसच्या डोक्यात कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, शिरली. बोलिंग क्लबातल्या यव्होनला घेऊन म्हणे देशभर भटकायचं. पैसे कुठून आणणार? घर विकून!

रेलीन धापा टाकत टूला वकिलीणबाईंकडे गेली. टूलाने कपाळावर हात मारला.

"लग्नाशिवाय राहिलेल्यांना इथल्या कायद्याने वेगळं झाल्यावर वाटणी मागायला दोनच वर्षं असतात, बाई! तू काय झोपली होतीस?"

"झोपतेय कुठली? चहा करत होते त्याला."

"बरं, मग आता आधी कोर्टाची परवानगी काढावी लागेल. उशीर का झाला ते सांगायचं. आणि परवानगी नाही मिळाली तर तुझे काय हाल होतील, तेही."

हाल सांगायला वकील कशाला हवा होता? साठी उलटलेली, गुडघे असे, आणि गावात भाड्याची खोली मिळणं म्हणजे नशिबाचा भाग.

कोर्टात रेलीन नाताळातला निळा कोट घालून गेली. डेसच्या वकिलीणबाई तिखट. "हक्क होता, तर बाई इतकी वर्षं गप्प का?"

रेलीन म्हणाली, "तो गवत कापत होता ना हो!"

मागे कुणीतरी खुसखुसलं. न्यायाधीशबाईंनी डेसकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

"हो. पुढचं आणि मागचं, दोन्हीकडचं."

"वेगळे झाल्यावरही? ते का?"

डेस बावचळला. असला सोपा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. "का म्हणजे? रेलीनच्या घराचं गवत मी नाही कापणार तर कोण?"

त्याच्या वकिलीणबाईंनी डोळेच मिटून घेतले.

परवानगी मिळाली. रेलीनने टूलाला मिठी मारली, तेव्हा टूला पुटपुटली, "अगं, नुसतं दार उघडलंय. घर अजून मिळायचंय."

पुढच्या शनिवारी डेस मशीन घेऊन आला. तोंड एवढंसं झालेलं. आम्ही आपले कुंपणापाशी उगाचच फुलझाडांना पाणी घालत उभे! त्याने मशीन सुरू करायच्या दोरीला हात घातला, तोच रेलीन मशीनच्या पुढ्यात उभी राहिली.

"आज आधी बोलायचं. गवत नंतर."

"आणि केक?"

"तो बोलणं झाल्यावर."

डेसने मान खाजवली, टोपी काढली आणि निमूट पायरीवर बसला. बराच वेळ दोघं हलक्या आवाजात बोलत होती. आमच्या झाडांच्या आळ्यांची तळी झाली, पण एक शब्द ऐकू येईल तर शपथ! शेवटी रेलीन आत जाऊन केक घेऊन आली, आणि फोड नेहमीपेक्षा जाड होती.

त्या शनिवारी रेलीनच्या घरचं गवत तसंच राहिलं. विकायचं घर असतं तर डेसने गिऱ्हाइकासाठी आधी अंगण चकाचक केलं असतं; ते वाढलेलं गवत पाहूनच आख्ख्या गल्लीला कळलं, की घर आता विकलं जात नाही.