दुहेरी शिलाईचं कुंपण

कुणाच्या गळ्यात मफलर असतो, कुणाच्या गळ्यात नसती लफडी. आमच्या शेजारच्या शिंप्याच्या गळ्यात कायम टेप असायची. शहरातलं दुकान बंद करून तो बायको-पोरीसकट आमच्या गावात, त्याच्या मामाच्या जमिनीवर राहायला आला, तेव्हा टेम्पोतून उतरल्या उतरल्या त्याने आधी दाराचं माप घेतलं. म्हणाला, पलंग आत जाणार नाही. मी कुंपणापलीकडून ओरडले, "अरे बाबा, आडवा करून तर बघ!" पलंग गेला. तेव्हापासून मी त्याची काकू आणि तो माझा टेपमास्तर.

मी एकटी राहते. सोबतीला एक गाय. तिचा तोरा बघून मी तिला राणीसाहेब म्हणते. बोलायला कुणी नसलं की माणूस गाईशी भांडतं, भिंतीशी भांडतं, चुलीशी भांडतं. शेजारच्या बंद घरातून भांड्यांचा आवाज यायला लागला, तर मला इतका आनंद झाला की दिवसभर मी त्यांच्यावर ओरडतच होते.

त्याची बायको शहरात दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. आवाज मऊ, चपला पांढऱ्याशुभ्र. चिखल आला की अशी थबकायची, जणू कुणीतरी मुद्दाम तिच्यासाठीच तो आणून टाकलाय. पण बाई सरळ. तिने मला आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

"काकू, यांची लहानपणापासूनची हौस आहे ही शेतीची. ट्यूबलाइटखाली वाकून वाकून पाठीचं धनुष्य झालंय, तेही दिसतं मला. म्हणून शब्द दिलाय. घेवड्याच्या शेंगा तोडेपर्यंत राहीन. तोवर जीव रमला नाही तर परत. भावाने वरची खोली रिकामी ठेवलीय."

म्हणून सामानाची निम्मी खोकी तशीच बांधलेली. खिडक्यांना पेपर चिकटवलेले. मी म्हटलं, "अगं, शिंप्याचं घर आणि पडदे नाहीत?" तर म्हणाली, "थोड्या दिवसांसाठी कशाला, काकू?" टेपमास्तर तिथेच उभा होता. नुसती टेप बोटाला गुंडाळत राहिला. मला गलबलून आलं, म्हणून मी त्याला उगाचच झापलं.

मग त्याने घेवडा लावला. दोरी ताणून, खडूची खूण करून, टाक्याला टाका लागावा तशा ओळी. पेरलं ते पेरलं, वर रोज सकाळी बापलेक एक बी उकरून बघायचे, मोड आला का. मी म्हटलं, "गाढवांनो, भाकरी तव्यावर टाकल्यावर सारखी उचलून बघता का?" पोरगी शहाणी. म्हणाली, "आई बघते की उचलून."

तरी घेवडा उगवला. वेल काठ्यांवर चढले, फुलं आली. एकदा भरदुपारी मी दूध द्यायला गेले, तर बायको वाफ्यात उकिडवी बसलेली. पांढऱ्या चपला केव्हाच मातकट झालेल्या. एका वेलाला बजावत होती, "इकडे नाही, तिकडे चढायचं. सांगितलेलं ऐकत जा जरा." मी पावलं न वाजवता मागे फिरले. बोलले नाही कुणालाच. मी आणि गप्प! राणीसाहेबसुद्धा चकित झाली असेल.

आता मुद्द्याची गोष्ट. जुनं कुंपण मोडकळीला आलेलं. शहाणा माणूस तार आणेल. आमच्या टेपमास्तरने दुकानातून आणलेलं चिंध्यांचं पोतं सोडलं. पँटीचे तुकडे, अस्तरं, पडद्यांच्या कडा, सगळ्यांच्या लांब पट्ट्या मशीनवर शिवल्या आणि खुंटांना बांधल्या. लाल, निळं, चौकडीचं.

"मेल्या, हे कुंपण आहे की झालर?"

"दुहेरी शिलाई आहे काकू. उसवायची नाही."

नाहीच उसवली. शेंगा बोटाएवढ्या झाल्या आणि त्याच आठवड्यात एका सकाळी माझी राणीसाहेब दावं सोडवून गायब. शोधते तर समोरून डुलत येतेय. गळ्यात अख्खं कुंपण, मागे खुंट फरफटताहेत आणि तोंडातून घेवड्याचा वेल लोंबतोय. शिलाई एका जागी सुटली नव्हती. खुंटच उपटून आले होते.

धावत गेले. वाफा साफ. उरल्या होत्या फक्त काठ्या. टेपमास्तर बांधावर बसलेला, पोरगी त्याला चिकटलेली.

"बाबा, आता आपण जायचं?"

मी हात जोडले. "माझ्या गाईने घात केला रे. हवं ते बोल मला." तो उठला, कपडे झटकले आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "तू तुझा शब्द पाळलास. मी टेम्पोवाल्याला फोन करतो."

बायको वाफ्यात उभी होती, एक तुटका वेल हातात घेऊन. नाक लाल झालेलं.

"टेम्पो कशाला?"

"शेंगा संपल्या ना."

"मी काय म्हटलं होतं? तोडेपर्यंत राहीन. तोडल्या का मी?"

"अगं, पण गाईने..."

"गाईचं गाईपाशी. शब्द मी दिला होता, गाईने नाही." मग माझ्याकडे वळली, आणि तो दवाखान्यातला मऊ आवाज कुठच्या कुठे गेला. "काकू, बी द्या दुसरं. आणि त्या तुमच्या राणीला आधी बांधा! माझा घेवडा खाल्लाय तिने!"

माझा घेवडा म्हणाली. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी बी आणायला पळाले.

परत आले तर दोन खोकी उघडी पडलेली आणि बायको खिडकीवरचे पेपर टराटरा फाडत होती. "बघताय काय? माप घ्या पडद्यांचं."

टेपमास्तरने टेप लावली. आकडा सांगितला. पुन्हा लावली, वेगळाच आकडा. तिसऱ्यांदा तिसराच. उभा जन्म मापात गेलेला माणूस आणि एवढीशी खिडकी त्याला मोजता येईना.

"अरे शिंप्या," मी ओरडले, "आधी डोळे पूस, मग माप घे!"