करुणेच्या प्रकरणातलं जादा पान

पंडित पहिल्यांदा पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या घरात शिरला तेव्हा आधी त्याचं कपाळ आलं. मग दोन-तीन मिनिटं काहीच आलं नाही, आणि मग सावकाश उरलेला पंडित आला. सगळे उठून उभे राहिले. डॉक्टर आला तरी कूस न बदलणारे आजोबासुद्धा उठले. बाइंडरनं धंद्याच्या नजरेनं माप घेतलं: मोठा आकार, कडक पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. असा माणूस आपल्या धाकट्या बहिणीला मागणी घालतो म्हणजे काय! बाइंडर आठवडाभर छाती पुढे काढून हिंडला.

बावीस वर्षांनी त्याच पंडितानं त्याच बहिणीला ट्रंकेसकट आपल्या घराबाहेरच्या पायरीवर आणून बसवलं. कारण, तिला दमा होता आणि तिच्या खोकल्यानं त्याची एकाग्रता भंगत होती. तो तेव्हा धर्मग्रंथावरच्या भाष्यात करुणेचं प्रकरण लिहीत होता.

बाइंडर तिला घरी घेऊन आला. तेव्हापासून दुकानात पंडिताचं नाव निघालं की खळीचा डबा हवेत उडे. गिऱ्हाइकं शहाणी झाली होती. वाचनालयाच्या बाई मात्र सरळ ते भाष्यच घेऊन आल्या. पाठ मोडलेली, पानं सुटलेली.

"वाचून वाचून झालंय हो असं. नीट शिवून द्या."

"शिवू? मी? खोकणाऱ्या बायकोला हाकलणाऱ्याची करुणा मी शिवू? बाई, हे गटारात टाका. गटार नाही म्हणालं तर माझ्याकडे आणा, मी त्याला समजावतो!"

"तुम्ही वाचलंय का?"

"विष आहे हे कळायला बाटली संपवावी लागत नाही."

"मग असं करा," बाई थंडपणे म्हणाल्या, "यातलं एक खोटं वाक्य दाखवा. मी स्वतः कपाटातून काढून टाकते."

बाइंडरला एवढंच हवं होतं. तीन आठवडे तो पेन्सिल परजून बसला. हा लुच्चा कुठेतरी सापडेलच! पण पान उलटेल तसा त्याचा पारा चढत गेला. कारण ग्रंथ चांगला होता. नुसता चांगला नाही, छळ करण्याइतका चांगला. करुणेच्या प्रकरणाशी त्याचे डोळे भरून आले, तेव्हा त्यानं संतापून पुस्तकं दाबायच्या यंत्राला लाथ घातली आणि दोन दिवस लंगडला.

"मिळाली का चूक?" बहिणीनं विचारलं.

"नाही ना मिळत! नीच माणसाला इतकं खरं लिहायचा अधिकार कोणी दिला?"

"मीही शोधायचे, दादा. एक चूक सापडली असती तरी बरं वाटलं असतं." तिला धाप लागली. ती ओसरेपर्यंत तो तिची पाठ चोळत राहिला. मग ती म्हणाली, "शीव ते. पण मला एक कोरं पान दे."

तिनं लिहिलं: 'हे प्रकरण लिहिलं जात होतं तेव्हा लेखकाची बायको बाहेर पायरीवर खोकत बसली होती. ती मी. प्रकरण उत्तम आहे, जरूर वाचा. पण हे आधी वाचा.'

सुटी पानं शिवताना बाइंडर दोन-दोनची जोडी चिकटवून मधोमध टाका घालतो. जोडीतलं एक पान उपटलं की दुसरंही सुटतं. त्यानं बहिणीच्या पानाची जोडी करुणेच्या पहिल्या पानाशी लावली आणि दोरा दुहेरी घेतला.

"आता फाडा लेको," तो दात-ओठ खात म्हणाला, "करुणेसकट फाडा!"

बाईंनी ते पान उभ्या उभ्या दोनदा वाचलं. पानावर वाचनालयाचा शिक्का मारला आणि ग्रंथ कपाटात ठेवला.

सात महिन्यांनी वाचनालयात भाष्याची नवी आवृत्ती आली. तिचा टाइप मोठा आहे, आणि जादा पान नाही. जुनी प्रत त्यानंतर कुणी मागितलेली नाही.