चोरखिसा

वाचनालयात त्या बाईंना कुणी नावाने हाक मारत नसे. कोडेवाल्या बाई, बस. जिन्याखालच्या खोलीत त्यांचा विभाग. लोक पुस्तकं घरी नेतात तशी तिथून चित्रकोडी न्यायची. खोक्यात चित्राचे हजारभर तुकडे, झाकणावर ते चित्र, आणि तुमच्या घरात एखादं टेबल रिकामं असलं की झालं. काम ऐकायला मजेचं वाटतं. पण खोकं परत आलं की ते तपासायचं कसं? नुसते तुकडे मोजून चालत नाही. एका खोक्यातला तुकडा दुसऱ्यात जातो, मोजणी बरोबर भरते आणि चित्राला मात्र भोक पडतं. म्हणून बाई खोकी घरी आणायच्या, अख्खं चित्र लावायच्या आणि झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवायच्या. ‘तुकडे पूर्ण’ किंवा ‘एक तुकडा कमी’. त्यांनी लिहिलेलं कधी खोटं निघालं नाही, आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

त्यांचे मिस्टर शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि कापड कापायचं लांबलचक टेबल. दिवसा त्या टेबलावर मास्तरांचं राज्य, संध्याकाळी कापड गुंडाळलं की बाईंचं. मास्तरांना चित्रं जुळवण्यात काडीचा रस नव्हता. त्यांचा जीव पेपरातल्या शब्दकोड्यात. कानावरची पेन्सिल काढून ते खुर्चीत बसायचे आणि पाच मिनिटं काही गप्प राहायचे नाहीत.

“अगं, तीन अक्षरी. पाणी साठवायची जागा. मधलं अक्षर ला.”

“तलाव. तुम्हाला येत होतं.”

“येत होतं. तुला येतं का ते बघत होतो.”

चित्रं जुळवणाऱ्या घरांत एक मान असतो, शेवटचा तुकडा बसवण्याचा. त्यावरून भावंडांची तोंडं दोन दोन दिवस फुगलेली असतात. मास्तर चित्राला हात लावायचे नाहीत, पण खोकं उघडलं की येता-जाता एक तुकडा हळूच लंपास करायचे. त्यासाठी आपल्या प्रत्येक शर्टाला त्यांनी आतून, डाव्या बाजूला, एक चोरखिसा शिवून ठेवला होता. शिंप्याचाच शर्ट, विचारणार कोण? बाईंनी मान मोडेस्तोवर चित्र लावायचं आणि शेवटी बरोबर एक भोक उरायचं. मग टेबलाखाली वाका, सतरंजी झटका, केरसुणी फिरवा. पेपराआडून आवाज यायचा, “काय गं, हरवला वाटतं?” मग मास्तर उठायचे, दोन बोटं शर्टात घालायचे, तुकडा बसवून त्यावर टिचकी मारायचे. “झालं बाबा एकदाचं. दमलो.”

“कष्ट माझे आणि मिरवणार हे,” बाई चिडायच्या. तुकडा कुठे आहे हे त्यांना ठाऊक असायचं. त्यांना ठाऊक आहे हे मास्तरांनाही ठाऊक. तरी बाई दर वेळी टेबलाखाली वाकायच्याच, नाहीतर मग गंमत काय राहिली? लेक लहान होती तेव्हा तीही बापाच्या कटात सामील असायची.

“एक दिवस शेवटचा तुकडा मी बसवणार आहे, सांगून ठेवते.”

“बसव की. मी घरात नसताना बसव.”

आणि दोरे आणायला बाजारात निघाले तरी हा माणूस तुकडा खिशात घेऊन जायचा. मग चित्र तसंच एका भोकाचं पडून राहायचं, ते परत येईपर्यंत.

बाई वाचनालयातल्या पुस्तकांतून काहीबाही वाचून घरी सांगायच्या. मास्तर तेच गिऱ्हाइकांना तिखटमीठ लावून ऐकवायचे. माप घेता घेता सुरू, “तुम्हाला माहितीये का, हे चित्रांचे तुकडे आले कुठून? कुणा नकाशेवाल्याने नकाशा फळीवर चिकटवला आणि देशांच्या हद्दींवरून करवत फिरवली, पोरांना भूगोल यावा म्हणून. हात वर करा. आणि शब्दकोडं पेपरात नवं नवं आलं ना, तेव्हा लोकांनी ते असं डोक्यावर घेतलं की वाचनालयातले शब्दकोश फाटेस्तोवर वापरले. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, नाहीतर विजार बसायची नाही. पुढे एकदा जगभर कामधंदे बुडाले. लोक घरी बसले, तर काय करायचे? वाचनालयातून चित्रकोडी आणायचे. का सांगा? अहो, हातात काही नव्हतं ना. निदान एक गोष्ट तरी पुरी झालेली दिसायची.” गिऱ्हाईक हो हो म्हणत कंबर सावरायचं.

मग मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी अंगावर काढलं, मग औषधं झाली, मग मोठं इस्पितळ. तिथे डॉक्टरांनी बाईंना आणि लेकीला बाहेर बोलावलं आणि सरळच सांगितलं की आता घरी न्या, फार दिवस नाहीत.

“आई, बाबांना सांगायला हवं,” लेक म्हणाली.

“अजिबात नाही. उमेद सुटली की माणूस त्याच दिवशी जातो. मी ओळखते ना त्यांना. तू तोंड उघडायचं नाहीस.”

लेकीने पुष्कळ वाद घातला, पण बाईंपुढे तिचं काही चाललं नाही. आत जाऊन बाई मास्तरांना म्हणाल्या, “जखम आहे म्हणे आत. भरायला वेळ लागेल.” मास्तरांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. “बरं,” म्हणाले. “लागू दे वेळ. कपडे कुठले शिवायचेत इतक्यात.”

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच चित्र मागितलं. “मोठं आण एखादं. बंदराचं वगैरे. भरपूर आभाळ असलेलं.” बाईंनी आणलं. पलंगावर फळी आडवी ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तर चित्र लावायला बसले. आधी कडेचे तुकडे, मग होड्या, मग धक्क्यावरची माणसं. बाई शेजारी बसून शब्दकोडं वाचून दाखवायच्या. म्हणजे कामांची अदलाबदलच झाली होती. पण बाईंना मास्तरांसारखं शब्द येत असून अडल्याचं नाटक जमत नसे आणि मास्तरांना तुकडे सापडत नसत, त्यामुळे दोघंही एकमेकांना हसायची.

एका सकाळी त्यांनी सुईदोरा मागितला. शर्टाचं बटण सैल झालंय म्हणाले.

“द्या, मी लावते.”

“नको. तुझा टाका म्हणजे आगगाडीचं वळण. माझ्या अंगावर नको.”

बाई फणकाऱ्याने सुईदोरा देऊन आत गेल्या. औषध घेऊन आल्या तर मास्तरांनी मांडीवरचा शर्ट घाईने उलटा केला. चेहऱ्यावर तोच जुना चोरटा भाव. बाईंनी न बघितल्यासारखं केलं, पण मनात त्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मारला वाटतं तुकडा! ज्याने तुकडा खिशात टाकला त्याला शेवटी तो बसवायचाय. म्हणजे याला काही कळलेलं नाही, हा उमेद धरून आहे.

आभाळ तेवढं राहिलं आणि मास्तर गेले.

यायची जायची माणसं ओसरल्यावर एक दिवस लेक भांडी पुसता पुसता म्हणाली, “बाबांना कुणाशी काही बोलायचं असेल, काही सांगायचं असेल, ते राहूनच गेलं गं. त्यांचं आपणच ठरवून टाकलं.” ती काही टाकून बोलली नव्हती. तिचं तिला वाटलं ते बोलली. पण बाईंच्या काळजात ते रुतून बसलं. इतक्या वर्षांच्या नवऱ्याला शेवटचे दिवस आपण फसवलं की सांभाळलं? विचारणार कुणाला? ज्याला विचारायचं तोच नाही. मग बाई त्या चोरलेल्या तुकड्याला धरून राहायच्या. नाही, तो सुखात होता. त्याने तुकडा चोरला होता.

वाचनालयातून ग्रंथपालांचा फोन आला, की खोक्याची घाई नाही, सावकाश आणा. बाईंनी फळी उचलून कापायच्या टेबलावर आणली. आता त्यावर कापड यायचं नव्हतं. लेक म्हणाली, “आई, शर्टाच्या खिशात बघ ना आधी.”

“आधी नाही. भोक उरल्यावर.”

आभाळ लावणं सगळ्यात वाईट. सगळं निळं, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखाच. बाई दुपारचं जेवण झालं की बसायच्या, उजेड जाईपर्यंत लावायच्या. लावता लावता त्यांना कळत होतं की आपण चित्रासाठी बसलेलोच नाही. आपल्याला ते भोक हवंय. भोक उरलं की सुटलो.

त्या दिवशी आभाळात थोड्याच जागा उरल्या. बाईंनी टेबलावरचे तुकडे मोजले, जागा मोजल्या. दोन्ही सारखेच भरले. मग त्या भरभर लावू लागल्या. शेवटी एक जागा उरली, आणि एक तुकडा त्यांच्या हातात होता. उगाच त्या टेबलाखाली वाकल्या. तिथे काही नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं.

त्यांनी कपाट उघडून तो शर्ट काढला, डावी बाजू उलटी केली. चोरखिशात बोटं जाईनात. खिशाचं तोंड शिवून टाकलं होतं. बारीक, एकसारखे, दिसणारसुद्धा नाहीत असे टाके. मास्तरांचे.

लेक चहा घेऊन आली. “मिळाला का गं?”

“बटण नव्हे, हा खिसा शिवत होते त्या दिवशी. शेवटचा तुकडा बसवायला आपण नसणार, हे त्यांना ठाऊक होतं,” बाई म्हणाल्या. “माझ्या आधीपासून ठाऊक असेल.”

लेकीने शर्ट हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि ती खाली बसली. बाईंना मास्तरांचा राग आला, आणि त्या मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायला लागल्या. मी खोटं बोलत होते तेव्हा बरं म्हणालात. मला खोटं बोलायला सोपं जावं म्हणून हसत होतात. आणि मी इकडे मोरीत नळ सोडून रडत होते. एकाच खोलीत होतो ना आपण? एकदा म्हणायचं होतंत, अगं, कळलंय मला. दोघं मिळून रडलो असतो. मग त्या खरंच रडल्या, लेकीला धरून, चहा गार होईपर्यंत.

शेवटचा तुकडा बसवायचा म्हणून जन्मभर भांडल्या होत्या. आता तो मास्तरांनीच त्यांच्यासाठी सोडून ठेवलेला, नुसता बसवायचाच बाकी. त्यांनी तो बसवला नाही. चित्र तसंच मोडलं, खोक्यात भरलं, आणि झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली. ‘एक तुकडा कमी’.

मग खिडकीशी बसून त्यांनी खिशाचे टाके एकेक करून उसवले, तुकडा आत सरकवला आणि खिसा पुन्हा शिवून टाकला. टाके वाकडेच आले. आता कुणी काही म्हणणार नव्हतं.