इनासने टाकलेला दोर

भाईंदरजवळच्या उत्तन गावात समुद्राकडे पाठ करून बसणारा माणूस एकच होता, इनास मुनीस. लग्नाच्या मांडवात असो की चर्चच्या आवारात, पाणी कुठल्या बाजूला आहे ते तो आधी बघायचा आणि मगच बसायचा. लोकांना वाटे, लढाईत त्याची बोट बुडाली तेव्हापासून भीती बसलीय. भीती नव्हती ती. समुद्रात त्याला दुमिंग दिसायचा, दोन्ही हात पसरून उभा.

इनास विसाव्या वर्षी मालवाहू बोटीवर भटारखान्यात लागला. १९३६च्या ऑगस्टमध्ये बोट दुरुस्तीसाठी हॅम्बुर्गला अडकून पडली. गोदीतला एर्न्स्ट नावाचा सुतार इनासच्या हातच्या कालवणावर भलताच खूश होता. बर्लिनच्या ऑलिंपिकची दोन तिकिटं त्याच्या हाती लागली तेव्हा तो इनासला घेऊन गेला. हँडबॉलचा शेवटचा सामना होता, जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा. फुटबॉलएवढं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, पण चेंडू हातानं फेकायचा. पाऊस असा कोसळत होता की गडी चिखलात ओळखू येईनात. जर्मनी जिंकली आणि स्टेडियमभर हजारो हात हिटलरच्या सलामीला एकदम पुढे ताठ झाले. एर्न्स्टचे हात मात्र कोटाच्या खिशातच राहिले. "चल लवकर," तो इनासच्या कानाशी म्हणाला. का, ते इनासला तेव्हा कळलं नाही.

हा खेळ त्यानं गावी आणला. मासळी सुकवायच्या खळ्यावर बांबू रोवून गोलचे खांब केले आणि संध्याकाळी जाळी आवरून झाल्यावर तरण्या गड्यांना गोळा केलं. चेंडू कसा पकडायचा, खांद्यातून कसा फेकायचा, हे तो तासन्‌तास शिकवी. गोलमध्ये उभा राही दुमिंग, विधवा क्लाराबायचा एकुलता एक मुलगा. उंच, लाजरा, हात गुडघ्यापर्यंत लांब.

"हात पसर, दुमिंग!" इनास ओरडायचा. "हाय त्याच्याहून मोठा दिस! फेकणाऱ्याला जागाच दिसता कामा न्हाय!"

दोन वर्षांत त्या हातांतून चेंडू जाईनासा झाला.

लढाई सुरू झाली तशी बोटींवर माणसं कमी पडू लागली. इनासनं दुमिंगला आपल्याबरोबर बोटीवर यायला सांगितलं. दुमिंगच्या मनात नव्हतं. त्याला मासेमारी बरी वाटत होती. "दोनच वर्षं," इनास म्हणाला, "मी हाय ना तुझ्याबरोबर." आठ दिवस तो मागे लागला, तेव्हा दुमिंग तयार झाला.

१९४२च्या मार्चमध्ये, भर दुपारी, पाणबुडीचा टॉर्पेडो बोटीच्या पोटात शिरला. इनास बोटीवरच्या जीवरक्षक होडीत चढला. दुमिंग पाण्यात राहिला, होडीपासून वीस-बावीस हातांवर. वारा उलटा होता. होडी वळवायला वल्ही नव्हती, ती मोडली होती. इनासनं दोर उचलला आणि फेकला. दोर अलीकडेच पडला. ओढून घेतला, पुन्हा फेकला. पुन्हा अलीकडेच. भिजून तो जड झाला होता. तिसऱ्या वेळी दुमिंगनं पाण्यातून छातीपर्यंत वर येऊन दोन्ही हात पसरले, खळ्यावर पसरायचा तसेच. दोर त्याच्या बोटांपासून हातभर लांब पडला. मग लाट आली. ती ओसरली तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

इनास गावी परतला तेव्हा क्लाराबाय तिच्या दारातच उभी होती. इनासनं तिला सांगितलं, "मावशे, दुपारची वेळ होती, तो झोपलेला होता. त्याला काय पण समजलं न्हाय."

ती आत गेली.

तेव्हापासून इनासनं बोट सोडली. भाईंदरच्या मिठागरावर मुकादमाच्या हाताखाली तो काम करू लागला. पण मिठागरातही पाणी होतंच. उन्हात ते चकाकलं की बांधाच्या पलीकडे लांब हात दिसत, आणि इनासचा उजवा खांदा आपोआप मागे जाई. शेजारचे गडी बघत राहत. क्लाराबायच्या गल्लीतून जाणं त्यानं टाळलं. चार वर्षं तो चर्चला लांबच्या वाटेनं गेला.

१९४६ मध्ये, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासातल्या एका शुक्रवारी, चर्च सुटल्यावर, क्लाराबायनंच त्याला गाठलं.

"इनास, माझा दुमिंग दुपारचा कधी झोपत न्हवता."

इनास तिथेच पायरीवर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. वारा, मोडकी वल्ही, तीन वेळा फेकलेला दोर, पसरलेले हात. आणि शेवटी हेही, की दुमिंगला यायचंच नव्हतं, आपणच त्याला नेलं.

तिनं विचारलं, "तू फेकत होतास, तं त्याला दिसत होतं?"

"दिसत होतं, मावशे. माझ्याकडंच बघत होता."

"म्हंजे एकटा न्हवता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चार वर्षं मला वाटत होतं, एकटाच गेला." दोन पावलं चालून ती थांबली. "तू नेलंस त्याला. ते मी इसरणार न्हाय. पण आता लांबच्या वाटेनं जाऊ नको. म्हातारी झाले मी, चर्चला येताना हाताला कोणतरी लागतं."

पुढच्या रविवारी इनास तिच्या दारात जाऊन उभा राहिला. नंतरची अकरा वर्षं, ती जाईपर्यंत, एकही रविवार चुकला नाही. दोघं फारसं बोलत नसत. वाट किनाऱ्यावरून जायची. क्लाराबाय मुद्दाम त्याला समुद्राच्या अंगाला चालायला लावी, आणि तो मान खाली घालून, तिचा कोपर धरून चालत राही.

दुमिंग दिसायचा थांबला का, असं कुणी विचारलं असतं तर इनासनं नाही, अजून दिसतो, असंच म्हटलं असतं.