चांदमारीची माती

टेंबेसाहेब चहाचा कप चहानेच विसळायचे. घोटभर चहा कपात घ्यायचे, गोल फिरवायचे आणि खिडकीबाहेर टाकून द्यायचे. असं तीनदा. मग चौथ्यांदा कप भरून घ्यायचे. उल्हासनगरच्या आमच्या पाणी तपासणीच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि मला हसू आवरेना. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "हसू नका, प्रधानबाई. ज्या पाण्याचा नमुना, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची. एकदा ढिलाई केली की हाताची सवय मोडते."

ते आमचे केमिस्ट. राहायला बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. सडपातळ, किंचित पोक आलेले, खांद्याला बाटल्यांची खाकी पिशवी. त्यांचा मजकूर टाइप करणं म्हणजे शिक्षा होती. मी सवयीने 'बहुधा' टाइप केलं की ते कागद परत करायचे. "बहुधा म्हणजे आपण जाऊन बघितलं नाही, घरीच बसलो होतो. असं लिहायचंय का?"

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एक अर्ज आला. वांगणीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी लष्कराचं गोळीबाराच्या सरावाचं मैदान होतं. सगळे त्याला चांदमारी म्हणायचे. त्याच्या खालच्या अंगाला वीस-पंचवीस घरांचा एक पाडा. अर्जात लिहिलं होतं की वासरं मरतात, पोरांची पोटं दुखतात, पाणी तपासा. खाली अंगठे होते आणि सगळ्यांत वर भीमाबाई नावाच्या बाईचा.

"नोंदी घ्यायला कुणी तरी हवं," असं म्हणून टेंबेसाहेबांनी मलाही बरोबर घेतलं. एसटीतून उतरून आम्ही तासभर चाललो. मैदानाच्या फाटकावरच्या तरुण अधिकाऱ्याने पाणी दिलं, खुर्ची दिली, पण आत सोडलं नाही. "सर, परमिशन के बिना मैं मजबूर हूँ. और यहाँ से नीचे कुछ जाता भी नहीं." टेंबेसाहेबांनी समोर बोट दाखवलं. नेमबाजीच्या निशाणांच्या मागे गोळ्या अडवायला मातीचा उंच बांध घातलेला होता आणि त्याच्या पोटातून पावसाळ्याच्या पाण्याने कोरलेला ओहोळ थेट पाड्याकडे उतरत होता. "ये भी परमिशन लेके जाता है क्या?" त्यांनी विचारलं. अधिकारी हसला. साहेब हसले नाहीत.

पाड्यात भीमाबाईने आम्हाला विहीर दाखवली. विहीर उताराच्या वरच्या बाजूला, चांगली बांधलेली. साहेबांनी तिथला नमुना घेतला, ओहोळाचा घेतला. मग चहासाठी आम्ही तिच्या अंगणात बसलो. दोन-अडीच वर्षांची तिची नात सुमन जमीन खरवडून बोट तोंडात घालत होती. साहेब उठले, तिच्याजवळ उकिडवे बसले आणि सारवणाचा एक पोपडा उचलून उन्हात धरला. त्यात राखाडी कण होते.

"ही माती कुठली, बाई?"

"बांधाची. लई मऊ माती, सायब. गोल्या येचून घेतल्या का उरते ती आनतो सारवाया."

"आणि गोळ्यांचं काय करता?"

"चुलीवर पातलीत वितळावतो. शिसा होतो त्याचा. भंगारवाला उल्हासनगरला कॅम्पात नेऊन इकतो."

"याच चुलीवर?"

"मंग कुठल्या? एकच चूल हाय."

टेंबेसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा." मग त्यांनीच वही घेतली आणि प्रत्येक घराचं अंगण, चूल, ओहोळ, बांध असा नकाशा काढला. जिथे पोरं खेळतात तिथे फुल्या मारल्या आणि तिथल्या मातीचेही नमुने घेतले.

शिशाची तपासणी आमच्याकडे होत नसे. नमुने मुंबईला गेले आणि दोन महिन्यांनी निकाल आले. विहीर स्वच्छ. ओहोळाचं पाणी वाईट. अंगणातली माती फारच वाईट. साहेबांनी तीन पानी अहवाल लिहिला. बांधाखाली चर खणून पाणी वळवावं, बांधाची माती बाहेर जाऊ देऊ नये, घरात शिसं वितळवणं थांबवून त्या बायकांना दुसरं काम द्यावं, मुलांचं रक्त तपासावं. छापील नमुन्यात 'पिण्याचे पाणी' हा रकाना पहिला, म्हणून पहिलं वाक्य विहिरीचं होतं. मीच ते टाइप केलं.

महिनाभराने भीमाबाई सुमनला कडेवर घेऊन ऑफिसात आली. तिच्या हातात आमच्या मोठ्या साहेबांच्या सहीचं पत्र होतं. तिने ते टेंबेसाहेबांपुढे ठेवलं. "मास्तरनं वाचून दाखावला. तुमीच लिवलंव ना, पानी बरा हाय म्हून?"

पत्रात दोनच ओळी होत्या. 'सदर विहिरीचे पाणी पिण्यास योग्य असल्याचे आढळून आले आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

साहेब म्हणाले, "विहिरीचं लिहिलं, बाई. पण माझं बाकीचं..."

"बाकीचा कुठं हाय?" तिने पत्र उलटं करून पाहिलं. पाठ कोरी होती.

मी टेंबेसाहेबांना आवाज चढवताना त्या एकाच दिवशी ऐकलं. ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. "तीन पानांतलं एक वाक्य उचललंत!" मोठे साहेब शांत होते. "टेंबे, आपलं खातं पाण्याचं. मातीचं उत्तर मी कुठल्या अधिकारात देऊ? आणि तुमचं वाक्य खोटं आहे का?" टेंबेसाहेब बाहेर आले. "खोटं नाही," ते माझ्या टेबलापाशी उभं राहून म्हणाले. "हीच तर पंचाईत आहे. खरं आहे ते."

त्यानंतर त्या अहवालाची वणवण सुरू झाली. एका ऑफिसने लिहिलं, जमीन लष्कराची, आमचा विषय नाही. दुसऱ्याने लिहिलं, पाडा मैदानाच्या हद्दीबाहेर, आमचा विषय नाही. तिसऱ्याने विचारलं, माती पिण्यात येते काय? साहेबांनी उत्तर पाठवलं, 'होय, दोन वर्षांची मुले खातात.' त्यावर वर्षभर काहीच आलं नाही. मग आलं ते असं, की नमुने जुने झाले आहेत, नव्याने घ्यावेत. ते पुन्हा गेले, पुन्हा घेतले. मी तो अहवाल सात वेळा टाइप केला. दुसऱ्या वेळेपासून त्यांनी अंगणाची माती पहिल्या परिच्छेदात आणली होती. वरून शेरा आला, 'विहित नमुन्यात सादर करावे.'

मीही एकदा वैतागून म्हणाले, "सोडून द्या ना साहेब. तुम्ही तुमचं काम केलंत." ते म्हणाले, "काम केलं असतं तर पोरीचं पोट दुखायचं थांबलं असतं. मी फक्त लिहिलंय."

रविवारी ते पाड्यात जायला लागले. चुली घराबाहेर हलवा, शिसं मोकळ्या वाऱ्यात वितळवा आणि पोरांना लांब ठेवा, सारवायला वरच्या शेतातली माती घ्या, पोरांचे हात धुवा. बायका ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी बांधावर जात, कारण भाताची कापणी झाल्यावर हाताला दुसरं काम नव्हतं. साहेबांनी पदरचे पैसे घालून सुमनला ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. पोर फिकी होती, शाळेत घातल्यावर अक्षर तिच्या डोक्यात ठरेना. डॉक्टर म्हणाले, शिसं पोटात जायचं थांबलं तर दुखणं आणखी वाढणार नाही, पण झालंय ते नुकसान भरून येणार नाही. त्या सोमवारी टेंबेसाहेब ऑफिसात आले. त्यांनी माझ्या मशीनला कागद लावला आणि मजकूर न देताच निघून गेले.

इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारातून एक गोष्ट झाली. फाटकाजवळ पाटी लागली, 'धोका. आत येण्यास मनाई.' बायकांना वाचता येत नव्हतं. त्या फाटकाने जातही नव्हत्या, ओहोळातून, त्यांच्या भाषेत वह्यालातून, जायच्या.

एकोणीसशे नव्वद साली ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मोठ्या साहेबांनी त्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं. उत्तराला उठून टेंबेसाहेब एवढंच बोलले, "चिकाटीचा इथे कुणाला उपयोग झाला असेल, तर मला कळवा." लोक टाळ्या वाजवायच्या की नाही, या विचारात पडले.

आणि दोन वर्षांनी अचानक संयुक्त पाहणीचा आदेश आला. मी हेंद्रेपाड्यात त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. सकाळी फाटकाशी ते आमच्या आधी हजर होते. यादीत नाव नव्हतं, म्हणून त्यांना बाहेरच थांबवलं. आमचा नवा केमिस्ट, चांगला मुलगा होता तो, अधिकाऱ्यांबरोबर आत जाऊन आला, पाड्यात गेला आणि विहिरीचा नमुना घेऊन परतला.

"अंगणातली माती घेतलीत?" साहेबांनी विचारलं.

"सर, आदेशात विहीरच आहे."

साहेब तसेच पाड्यात गेले. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन आले. रुमालात चार घरांची माती वेगवेगळ्या गाठींत बांधलेली. त्यांनी रुमाल पुढे केला. तो मुलगा ओशाळला. "सर, नमुना नेमलेल्या माणसानेच घ्यायचा. नाही तर ग्राह्य धरत नाहीत. तुमच्याच टिपणांत आहे ते. त्यावरच मी शिकलो."

साहेबांनी रुमाल मागे घेतला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमची चूक नाही." मग त्यांनी एकेक गाठ सोडली. माती तिथेच सांडू द्यायलाही त्यांचं मन घेईना. पुन्हा गाठी मारून त्यांनी रुमाल खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर ते आमच्या दहा पावलं पुढे चालत राहिले, आणि त्यांना गाठायचा धीर मला झाला नाही.

पुढच्याच वर्षी ते गेले. हृदयविकार. दहाव्याला भीमाबाई आली होती, पांढरे केस, हातात काठी. सुमन तिच्या मागे उभी होती, उंच, गप्प. भीमाबाईने माझा हात धरला.

"चूल आमी भायेर नेली, बाय. आता सारवाया पन वरची माती आनतो. सायबांचा ऐकला." तिने मागे सुमनकडे पाहिलं. "पन पान्या-पावसात वह्यालातून येते ती माती कोन थांबवील? आता कुनाला इचारू?"